जल्लोषाचा अतिरेक आणि मैदानाची मालकी

‘अतिरेक’ हा शब्द मराठी समीक्षेने गेली पन्नास वर्षे आपल्यासाठी जवळजवळ राखून ठेवला आहे. कवितेत शिवी आली की भाषेचा अतिरेक. आत्मकथनात भूक आली की वास्तवाचा अतिरेक. लेखकाने जातीचे नाव घेतले की भूमिकेचा अतिरेक. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’पासून ही ओरड ऐकू येते आणि ती अजून थांबलेली नाही. त्यामुळे हा शब्द कोठे नियम म्हणून छापलेला दिसला की माझे कान टवकारतात. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलच्या नियमांत तो होता. गोल केल्यानंतर खेळाडूने किती वेळ नाचावे, कसे नाचावे, कोणाबरोबर नाचावे याचे कायदे तेथे झाले. ते मोडणाऱ्याच्या संघाला पंधरा यार्डांची शिक्षा झाली आणि खेळाडूला हजारो डॉलर दंड झाला. आनंद केव्हा अतिरेकी होतो, हे तेथे कोणी आणि कशासाठी ठरवले, एवढाच या लेखाचा विषय आहे.

अमेरिकन खेळाशी आपल्याला काय करायचे आहे, असे कोणी विचारील. ड्यू बॉइस यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिले, १९७२ साली मुंबईतल्या तरुणांनी आपल्या संघटनेला ‘पँथर’ हे नाव घेतले, जनार्दन वाघमारे यांनी काळ्यांचे साहित्य मराठी वाचकासमोर ठेवले. हा संबंध जुना आहे. परंतु आपण त्यांच्या कविता वाचल्या, कादंबऱ्या वाचल्या, भाषणे वाचली. त्यांच्या देहाची भाषा आपल्या समीक्षेने फारशी वाचली नाही. ज्या माणसांना शतकानुशतके लिहू-वाचू दिले नाही त्यांनी जे काही रचले ते आधी देहातच रचले, हे आपल्याला तरी सांगावे लागू नये.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. जगभर ज्याला फुटबॉल म्हणतात तो हा नव्हे. लांबुळका चेंडू हातात घेऊन, अंगावर येणाऱ्या माणसांना चुकवत किंवा धडका देत, प्रतिपक्षाच्या टोकाच्या पट्ट्यात न्यावयाचा असतो. त्या पट्ट्याला ‘एंड झोन’ म्हणतात. तेथे चेंडू पोहोचला की ‘टचडाऊन’, म्हणजे सहा गुण. हाडे मोडणारा, मेंदूला इजा करणारा खेळ आहे. १९३४ ते १९४५ या काळात या व्यावसायिक लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. १९४६ साली लॉस एंजेलिसच्या संघाने केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना घेतले. राजधानी वॉशिंग्टनच्या संघाने तर १९६२ पर्यंत दार उघडले नाही. आज निम्म्याहून अधिक खेळाडू काळे आहेत. संघ बत्तीस आहेत. पण यांपैकी एकाही संघाचा मुख्य मालक आजवर काळा माणूस झालेला नाही. हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

काळ्या विजेत्याने आनंद कसा दाखवावा हा प्रश्न मात्र फुटबॉलच्या आधीपासूनचा आहे. १९०८ साली जॅक जॉन्सन मुष्टियुद्धाच्या हेवीवेट गटाचा पहिला काळा जगज्जेता झाला. तो नुसता जिंकत नसे, जिंकताना हसे. ठोसे मारता मारता समोरच्याशी आणि प्रेक्षकांशी गप्पा मारी, सोन्याचा दात चमकवी. ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे त्याने जेम्स जेफ्रीज या गोऱ्या वीराला हरवले आणि त्या रात्री अमेरिकेच्या अनेक शहरांत आनंद करणाऱ्या काळ्या माणसांवर गोऱ्या जमावांनी हल्ले केले. माणसे मेली. १९१२ साली अमेरिकन संसदेने मुष्टियुद्धाच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर बंदी घातली. जॉन्सनचा ठोसा कायद्याला चालत होता. त्याचे हसणे पडद्यावर पुन्हा पुन्हा दिसणे चालत नव्हते.

म्हणून त्या गटातला पुढचा काळा जगज्जेता, १९३७ चा जो लुई, वेगळा घडवला गेला. पडलेल्या गोऱ्या प्रतिस्पर्ध्यापुढे आनंद दाखवायचा नाही. गोऱ्या बाईबरोबर छायाचित्र काढू द्यायचे नाही. चेहरा कोरा ठेवायचा. आणि येथे थांबून विचार केला पाहिजे, कारण हे नियम लुईला कोणा गोऱ्या मालकाने घातलेले नव्हते. त्याचे व्यवस्थापक काळे होते, प्रशिक्षक काळा होता. आपल्या माणसाचा जीव आणि त्याची संधी वाचावी म्हणून आपल्याच माणसांनी घातलेली ती शिस्त होती. तिची टिंगल मला करवत नाही. माझ्या आजोबांनी धर्मांतरानंतर हलगी खुंटीला टांगली ती पुन्हा काढली नाही. गावच्या पाटलाच्या मिरवणुकीपुढे वाजवायचे नाही, नाचायचे नाही, स्वच्छ कपडे घालून ताठ चालायचे, असे त्यांच्या पिढीने ठरवले होते. दुसऱ्याच्या करमणुकीसाठी हलणारा देह त्यांनी थांबवला. हा संयम होता आणि तो कमावलेला होता. वरून लादलेला संयम आणि आतून घेतलेला संयम बाहेरून पाहणाऱ्याला सारखेच दिसतात. समीक्षकाला ते सारखे दिसून चालणार नाहीत.

आता फुटबॉल. १९६५ साली न्यूयॉर्क जायंट्सच्या होमर जोन्सने टचडाऊननंतर चेंडू जमिनीवर जोरात आपटला. या खेळातल्या जल्लोषाच्या इतिहासात हे पहिले पाऊल मानतात. त्याला चेंडू प्रेक्षकांत फेकायचा होता, पण त्याला दंड होता. म्हणून त्याने तो आपटला. म्हणजे या कलाप्रकाराचा पहिला आविष्कारच दंडाच्या सावलीत झाला. नंतर एल्मो राइट. ह्यूस्टनच्या विद्यापीठात खेळताना एका बचावपटूने त्याचे पाय धरले, तेव्हा सुटण्यासाठी त्याने गुडघे उंच उंच उचलले आणि तसाच पुढे पळत गेला. सुटण्याच्या त्या धडपडीतून त्याचा नाच तयार झाला. १९७३ साली कॅन्सस सिटीकडून खेळताना त्याने तो व्यावसायिक मैदानावर आणला. हा तेथला पहिला नाच मानला जातो. धरणाऱ्या हातातून पाय सोडवणे हीच ज्या नृत्याची पहिली मुद्रा आहे त्याला ‘माकडचेष्टा’ म्हणणाऱ्यांनी नृत्याविषयी बोलू नये.

मला स्वतःला सर्वांत मोलाचा वाटतो तो बिली जॉन्सन. हा लहानशा महाविद्यालयातून आलेला, शरीराने छोटा. १९७४ च्या निवडीत पंधराव्या फेरीपर्यंत त्याला कोणी उचलले नाही. पांढरे बूट घाली म्हणून ‘व्हाइट शूज’ हे नाव. टचडाऊन झाला की चेंडू उंच धरायचा आणि गुडघे आत-बाहेर हलवत ‘फंकी चिकन’ नाचायचा. हा नाच काळ्यांच्या वस्त्यांतल्या गाण्यातून आला होता. दूरचित्रवाणीवर तो सगळ्या देशाने पाहिला. त्यात प्रतिस्पर्ध्याची टवाळी नव्हती, जाहिरात नव्हती. पंधराव्या फेरीतल्या माणसाने ‘मी आहे’ एवढेच म्हटले होते. झोरा नील हर्स्टन या काळ्या लेखिकेने १९३४ सालच्या निबंधात काळ्यांच्या अभिव्यक्तीचे लक्षण सांगताना सजवण्याच्या ओढीला मोठे स्थान दिले आहे. काम झाले एवढ्यावर न थांबता त्याला आपली नक्षी द्यायची ही ती ओढ. बिली जॉन्सनचे गुडघे पाहिले की हा सिद्धांत वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

१९८४ साली लीगने नियम केला. लांबलेला, अतिरेकी किंवा पूर्वनियोजित जल्लोष हे खिलाडूवृत्तीला सोडून वर्तन ठरले. येथे आपल्या बाजूला गैरसोयीची असलेली गोष्टही सांगितली पाहिजे. या नियमाला निमित्त झालेल्यांत मार्क गॅस्टिनो हा गोरा खेळाडू होता. प्रतिपक्षाच्या मुख्य खेळाडूला पाडल्यावर तो जो थयथयाट करी त्याने त्याचे सहकारीही वैतागत. वॉशिंग्टन संघातली जी टोळी एकदम उडी मारून हवेत टाळ्या देई, तिच्यात काळे-गोरे दोन्ही होते. म्हणजे हा नियम सरळ सरळ काळ्यांविरुद्ध लिहिला, असे म्हणणे एकांगी होईल. पण नियम कोणत्या निमित्ताने झाला आणि तो वर्षानुवर्षे कोणाच्या अंगावर पडत राहिला, हे दोन निराळे प्रश्न आहेत. १९८८ साली सिनसिनाटीच्या इकी वुड्स या नवख्या खेळाडूने एक साधा, दोन पावले इकडे दोन पावले तिकडे असा नाच केला. देशभर मुले तो करू लागली. लीगने त्याला एंड झोनमधून काढून मैदानाबाहेरच्या रेषेपलीकडे नाचायला लावले. नाच तोच, माणूस तोच, फक्त रेषेच्या पलीकडे. गावाच्या कडेला राहिलेल्या वाचकाला यावर भाष्य नको.

त्या नियमातला ‘पूर्वनियोजित’ हा शब्द मला सर्वांत बोलका वाटतो. पूर्वनियोजित खून असतो, दरोडा असतो. नाच पूर्वनियोजित असला तर त्याला आपण तालीम म्हणतो. रचना म्हणतो. कलावंताने आधी विचार केला हा जगात सगळीकडे गुण मानला जातो. येथे तो गुन्हा ठरला. आपल्याकडे याच्या नेमके उलट घडले आहे आणि गंमत अशी की परिणाम एकच. दलित कविता उत्स्फूर्त आहे, रांगडी आहे, तिच्यात रचनेचा संस्कार नाही, असे म्हणून प्रस्थापित समीक्षेने तिला उंबऱ्याबाहेर बसवले. आपल्या कवीने रचना केली तरी तिला उद्रेक म्हटले. त्यांच्या खेळाडूने रचना केली तर तिला कट म्हटले. दोन्हीकडे नाकारले गेले ते एकच: या माणसाचे कलावंत असणे.

तरीही सगळे जल्लोष एका मापाने मोजायला मी तयार नाही. समीक्षकाने आपल्या माणसांचे सरसकट कौतुक करणे ही त्यांची दुसरी उपेक्षा असते. २००२ साली टेरेल ओवेन्सने टचडाऊननंतर मोज्यातून पेन काढले, चेंडूवर सही केली आणि तो चेंडू प्रेक्षकांत बसलेल्या आपल्या आर्थिक सल्लागाराच्या हाती दिला. यात मला विद्रोह दिसत नाही. यात बाजार दिसतो, आणि तोही बऱ्यापैकी भाबडा. डिसेंबर २००३ मध्ये जो हॉर्नने गोलखांबाच्या गादीत लपवलेला मोबाइल काढून फोन केला, त्याला तीस हजार डॉलर दंड झाला. चातुर्य आहे, पण एकदा हसून संपणारे. त्याच दिवशी चॅड जॉन्सनने मात्र, कृपा करून मला पुन्हा दंड करू नका, अशा अर्थाची लीगला उद्देशून लिहिलेली पाटी उंचावली आणि त्या पाटीबद्दल त्याला दहा हजार दंड झाला. ही खरी विडंबनकला. शिक्षेलाच विषय करायचे आणि शिक्षा देणाऱ्याकडून तिचा शेवट लिहून घ्यायचा.

जानेवारी २००५ मधले रँडी मॉसचे कृत्य सर्वांत वादग्रस्त ठरले. ग्रीन बेच्या मैदानावर त्याने प्रेक्षकांकडे पाठ करून विजार उतरवल्याचा अभिनय केला. समालोचक चवताळले, दहा हजार डॉलर दंड झाला. टोनी डंजी या प्रशिक्षकाने तेव्हा एक साधी गोष्ट सांगितली: पाहुण्या संघाची बस निघाली की ग्रीन बेचे काही प्रेक्षक तिच्याकडे खरोखरच उघडी पाठ करतात, ही तेथली रूढी आहे. मॉसने अभिनय केला होता. ते प्रत्यक्ष करीत होते. पण प्रेक्षकांच्या कृत्याला रूढी म्हणतात, लोकपरंपरा म्हणतात, गंमत म्हणतात. त्याला अतिरेक म्हणायला नियमावलीत कलमच नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात भारताचा महिला हॉकी संघ हरला, तेव्हा हरिद्वारजवळच्या रोशनाबादमध्ये वंदना कटारिया या खेळाडूच्या घरासमोर सवर्ण तरुणांनी फटाके वाजवले, नाचले, जातीवरून शिव्या दिल्या. आपल्याच देशाच्या पराभवाचा तो जल्लोष होता. पोलिसांत तक्रार झाली, बातम्या आल्या. माझ्या महाविद्यालयातल्या ज्या सहकाऱ्यांना चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचा आवाज दरवर्षी अतिरेकी वाटतो, त्यांच्या तोंडून त्या आठवड्यात मी हा शब्द ऐकला नाही. (मिरवणुकीतल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतींविषयी मलाही बोलायचे आहे, पण ते आपल्यात, आणि दुसऱ्या लेखात.)

गळा कापण्याचा, बंदूक रोखण्याचा अभिनय बंद झाला याबद्दल माझी तक्रार नाही. पडलेल्या माणसावर उभे राहून त्याला हिणवणे हे आनंदात मोडत नाही. पण हे वेगळे कलम होऊ शकत होते. नाच आणि हिंसा एकाच कलमात घालण्याची गरज कोणाला होती?

मे २०१७ मध्ये लीगने नियम सैल केले. सामूहिक जल्लोषाला परवानगी, चेंडू वापरायला परवानगी, जमिनीवर लोळायला परवानगी. तीस-बत्तीस वर्षे जो अतिरेक होता तो एका बैठकीत करमणूक झाला. तरुण प्रेक्षक हवे होते आणि मोबाइलच्या पडद्यावर फिरणाऱ्या छोट्या चित्रफितींना नाचासारखा माल दुसरा नाही, असे मला दिसते. त्या ऑक्टोबरमध्ये मिनेसोटाच्या खेळाडूंनी एंड झोनमध्ये गोल बसून आपल्या मामाच्या पत्रासारखा लहान मुलांचा खेळ मांडला. सगळा देश हसला.

त्याच्या काही दिवस आधी, सप्टेंबरमध्ये, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अलाबामातल्या सभेत, राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकणाऱ्या खेळाडूंना शिवी देऊन मालकांनी त्यांना हाकलावे, असे म्हणाले होते. गुडघ्याची ही हकिगत नीट पाहिली पाहिजे, कारण या मैदानावर गुडघे अनेकांनी टेकले. २०११ साली टिम टीबो हा गोरा ख्रिस्ती खेळाडू गुडघा टेकून प्रार्थना करी. त्याच्या नावाचे क्रियापद झाले, मुले त्याची नक्कल करू लागली. सप्टेंबर २०१४ मध्ये कॅन्सस सिटीच्या हुसेन अब्दुल्लाने टचडाऊननंतर सजदा केला. पंचाने झेंडा टाकून पंधरा यार्ड शिक्षा केली. शिक्षा द्यावयास नको होती, असे लीगने दुसऱ्या दिवशी सांगितले. पण त्या क्षणी पंचाच्या डोळ्यांना प्रार्थना दिसली नाही, जल्लोष दिसला. आणि २०१६ साली कॉलिन कॅपर्निकने काळ्यांवरील पोलिसी अत्याचाराच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला. यात उडी नव्हती, आवाज नव्हता, पेन नव्हते, फोन नव्हता. जो लुईच्या व्यवस्थापकांनाही खोट काढता आली नसती इतके ते शांत होते. १ जानेवारी २०१७ च्या सामन्यानंतर एकाही संघाने त्याला मैदानात उतरवले नाही. मालकांनी संगनमत केल्याची तक्रार त्याने दाखल केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ती तडजोडीने मिटली.

मे २०१७ मध्ये नाच मोकळा झाला. बरोबर एका वर्षाने, मे २०१८ मध्ये, मैदानावर असलेल्या खेळाडूने राष्ट्रगीताला उभेच राहिले पाहिजे, नाहीतर संघाला दंड, असे धोरण त्याच लीगने जाहीर केले. खेळाडूंच्या संघटनेशी बोलणी झाल्यावर ते जुलैमध्ये थांबवण्यात आले. या दोन निर्णयांकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले म्हणजे पस्तीस वर्षे चाललेली संयमाची चर्चा कशाविषयी होती ते कळते. सर्वांत संयमी हालचाल सर्वांत महाग पडली.

२०२० साली जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर लीगच्या आयुक्तांनी, खेळाडूंचे आधी ऐकले नाही ही चूक झाली, असे चित्रफितीत सांगितले. कॅपर्निकचे नाव त्यांनी घेतले नाही. त्या हंगामापासून एंड झोनच्या कडेला, जेथे बिली जॉन्सन नाचला आणि जेथून इकी वुड्सला बाहेर काढले तेथे, ‘वंशभेद संपवा’ अशा अर्थाची अक्षरे रंगवली जाऊ लागली. फेब्रुवारी २०२५ च्या न्यू ऑर्लीन्समधील अंतिम सामन्यात ती अक्षरे नव्हती. त्या जागी ‘प्रेम निवडा’ असे लिहिलेले होते. अलीकडच्या दुर्घटनांमुळे हा बदल केला, असे लीगने सांगितले.